झुंबरबाईनं ठेवलेला पाय

अंबडजवळची झुंबरबाईची मोसंबीची बाग पिवळी पडून वाळली, तेव्हा दीर बद्रीनाथ गावभर सांगत सुटला, “रांडमुंड बाईनं बागेत पाय ठेवल्यावर मंग दुसरं काय व्हईल?”

पण कलमं बद्रीनाथच्याच रोपवाटिकेतली होती, हे झुंबरबाई विसरली नव्हती. २००४ साली कीटक तपासायला शास्त्रज्ञ रजनी मॅडम आल्या, तेव्हा तिनं त्यांना थेट त्याच्या रोपवाटिकेच्या कुंपणाशी नेलं. तिथल्या पानांवरचे रस शोषणारे सायला किडे तपासणीसाठी स्पिरिटच्या बाटलीत गेले. डीएनए तपासणीत त्यांच्या अंगात झाड वाळवणारे जिवाणू निघाले.

त्या तपासणीचा कागद घेऊन झुंबरबाई गिऱ्हाइकांदेखत बद्रीनाथच्या वाफ्यात अनवाणी शिरली.

“भाऊजी, रोग तुमच्याकडूनच आल्ता. आता म्या इथंबी पाय ठेवला. उपटा समदं!”