फुटेल सुपारी

भोंगाताईला हळू बोलता येत नसे. डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत ती वरच्या मजल्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस करायची आणि खाली दुकानात बसलेल्या मला वांग्यांचा भाव कळायचा. खरं नाव मंगल. भोंगा हे नाव पोरांनी ठेवलं आणि तिनं ते मिरवलं. तिला कुणी गुपितं सांगत नसे, त्याचं तिला वाईटही वाटत नसे.

अशी बाई कित्येक महिने गप्प झाली. तिची सुपारी फुटली होती. आमच्या खानदेशी लोकांत सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. मुलगा जवळच्याच भेस्तानचा, तिचा त्याच्यावर जीव जडलेला. पत्रिका छापायला टाकायच्या सुमारास त्याच्या काकांचा फोन आला, की मुलाचं मन दुसरीकडे आहे. झालं, लग्न मोडलं. आई विचारणाऱ्यांना सांगू लागली, पोरीला बरं नाही. घरात तिला एकच ऐकवलं जाई, हळू बोल, लोक ऐकतात. तिचं ते ओठांतल्या ओठांत बोलणं मला सहन होत नसे.

मी जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवून हात बसवलेला माणूस. पुढे ड्रम घेतले. मी आणि माझे दोन मित्र एका रिकाम्या साडी-गोदामात रॉक वाजवायचो, म्हणजे शेजाऱ्यांच्या भाषेत पत्रे बडवायचो. एका रविवारी ताई तिथं आली, माइक हातात घेतला आणि म्हणाली, "रडसू ते दार उघडं ठीसन रडसू. मी काय चोरी करी का?" रडायचं तर दार उघडं ठेवून, हा तिचा बाणा.

त्यातून अल्बम झाला, सगळा अहिराणीत. गाण्यांच्या क्रमावरून ती आमच्याशी कडाकडा भांडली. तिचं म्हणणं, आधी रडणं, मग शिव्या, हसणं सगळ्यात शेवटी, आणि मधलं काही गाळायचं नाही. मित्र म्हणाला, सुरुवात जरा हलकीफुलकी करू. तिनं त्याच्या हातातली गिटारच काढून घेतली. एक गाणं मामेबहिणीला देऊन टाकलेल्या लग्नाच्या शालूवर होतं. ते गाताना दर वेळी तिचा गळा भरून यायचा, आणि तेच रेकॉर्डिंग ठेवायचं असा तिचा हट्ट. अल्बमला आणि शेवटच्या गाण्याला तिनं एकच नाव दिलं, 'फुटेल सुपारी', म्हणजे फुटलेली सुपारी.

घोळ त्या नावानं झाला. डीजेवाल्यांनी नाव वाचलं, लग्नाचं गाणं समजले आणि हळदीत लावून मोकळे झाले. लोक नाचलेही. नाचता नाचता बायकांच्या कानावर शब्द पडले, तेव्हा त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. गाणं गावभर झालं, आणि एक दिवस त्याच मुलाच्या हळदीत वाजलं.

ताई आता बडोद्याला असते, तिथं गाते. माझ्या मनात मात्र ती त्या हळदीनंतरच्या संध्याकाळची राहिली आहे. मुलाचे काका दोन माणसं घेऊन ताईच्या घरी आले, तेव्हा मी तिथंच होतो. गाणं काढा, नाहीतर समाजात तुमच्या पोरीचं कुठंच जमू देणार नाही, असं सरळ म्हणाले. ताईनं शांतपणे विचारलं, "गानामा तुमनं नाव शे का? मंग तुमले कसं समजनं, ते तुमनंच शे?"

 काका तिच्या वडिलांकडे वळले. वडील रंगाच्या मिलमध्ये कामाला, बोलणं मोजकं. लेकीच्या, त्यांच्या भाषेत आंडेरच्या, गाण्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. ताई साऱ्या जगाशी भांडली असती, पण बापानं काढ म्हटलं असतं तर तिनं गाणं काढलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिलाही. 

"मन्ही आंडेरनं गानं शे," ते म्हणाले. "मी कसाले काढाले सांगू?"

पाहुणे चहाला हात न लावता उठले.  वडिलांनी दार उघडंच ठेवलं आणि ताईला म्हणाले, "गानं म्हन. त्या आजून जिनामाच शेतस."

जिन्यात पाहुण्यांची पावलं अजून वाजत होती. तिनं सूर लावला. मी समोरचं रिकामं ताट उलटं केलं आणि ठेका धरला.