आपांचं दहावं उत्तर

“एकदा बरोबर आलं, त्याचं मला नको सांगूस. दहा वेळा चालव.” चष्मा डोक्यावर सरकवून आपा असं म्हणाल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

रत्नागिरीतल्या आमच्या इवल्याशा ऑफिसात आम्ही दोघं लाटांचा अंदाज काढायचो. समुद्राचा नकाशा चौकोनांत कापायचा आणि एकेक चौकोन कॉम्प्युटरातल्या ग्राफिक्स कार्डाच्या एकेका कोअरला, म्हणजे छोट्या गणकाला, वाटून द्यायचा. हजारो कोअर एकदम गणित करतात, तासांचं काम मिनिटांत. उत्तर मासेमारी लाँचवाल्यांच्या मोबाईलवर जायचं. मिरकरवाड्यातला आपांचा धाकटा भाऊ त्यांतलाच एक.

पण बाईंचा कार्डावर काडीचा विश्वास नाही! तेच गणित त्या पुन्हा एकाच कोअरवर सावकाश चालवायच्या आणि दोन्ही उत्तरं ताडून बघायच्या. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, “दोघांनी एकाच पाटीवर एकदम लिहिलं, तर राहील कुणाचं?” अंदाज जायला रोज उशीर. लाँचवाल्यांचे फोन मी घ्यायचे, बोलणी मी खायची.

मी मुळात संशयी. पण तुम्हीच सांगा, आपण जवळ गेलो की वही मिटणाऱ्या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटेल? शिवाय मस्कतहून फोन आला की आपा उठून गॅलरीत जायच्या, कुजबुजायच्या. झालं! बाई आमचा प्रोग्रॅम तिकडे नेणार आणि तोवर मुद्दाम काम रेंगाळवणार, अशी माझी खात्रीच पटली. मी आतल्या केबिनमधल्या आमच्या साहेबांचे कान भरले. साहेबांनी त्यांना आत बोलावून काय विचारलं कोण जाणे, आठवड्याभरात आपांनी राजीनामा दिला. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. “वाच,” एवढंच म्हणाल्या.

वहीत सगळं माझंच काम होतं, किनाऱ्यालगतच्या चौकोनांचं. दहा वेळा चालवल्याची दहा उत्तरं. नऊ सारखी, आणि एकात लाटा निम्म्याच! कुठेतरी दोन कोअर एकाच जागी लिहीत होते आणि एकाचं लिहिलेलं पुसलं जात होतं. घोळ मी घातला होता. म्हणून आपा लाँचवाल्यांना ते सावकाश काढलेलंच उत्तर पाठवत होत्या, अन् मी त्यांना आळशी ठरवत होतो. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘चूक नेमकी सापडेपर्यंत साहेबांना सांगू नये. नवा आहे, नोकरी जाईल.’

मला माझीच शिसारी आली. चूक शोधून दुरुस्त करायला चार दिवस लागले. साहेबांना सगळं खरं सांगितलं, शिव्या खाल्ल्या, आणि माफी मागायला मिरकरवाड्यात गेलो.

आपांचा भाऊ धक्क्यावर लाँचमध्ये बर्फ भरून घेत होता. “आपा परवाच गेली मस्कतला,” तो म्हणाला. “लेक बाळंत व्हायचीय तिची. महिनाभर फोनवर रडत होती पोर.” मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, “तू तो लाटांवाला ना रे?”

मी मान खाली घातली. हा आता कॉलर धरणार, असं वाटलं.

“आपानं बजावून ठेवलंन आहे मला,” तो म्हणाला. “त्या पोराचा मेसेज आल्याशिवाय लाँच सोडायची नाही. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही.”

बर्फाची शेवटची लादी आत गेली. लाँचवरचे सातही जण माझ्याकडे बघत उभे राहिले.

“मग,” तो म्हणाला, “सोडू?”

“थांबा,” मी म्हणालो. “दहा वेळा चालवतो, मग मेसेज करतो.”