दहा मोजेपर्यंत काडी

मे महिन्यातला दुसरा शुक्रवार, दुपारचे पावणेतीन, अमरावती. हजर: मी, माझा नवरा विजय, सासूबाई, आणि अकोल्याहून फोनवर शबाना, माझ्या व्हॅनचे मेकॅनिक रशीदभाई यांची मुलगी. "अब्बू गेले, ताई. पाच वाजता नेतील," एवढंच ती बोलली...

मी व्हॅनची किल्ली घेतली. "एसीची कार उभी आहे ना, या डब्यात काहून जाऊन राहिली?" विजय म्हणाला. सासूबाईंनी भर घातली, "इंजिन पेटलं म्हंजे एकाच दिवशी दोन मयती." पण मेच्या उन्हात ही गाडी चालणार नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाशी रशीदभाई अठरा वर्षं भांडले होते. त्या दिवशी ती त्यांच्या दारात उभी राहायलाच हवी होती.

व्हॅन माझ्या वडिलांची, विदेशी. इंजिन मागे, रेडिएटर नाही, सगळं हवेवर थंड होणारं. ती माझ्याकडे आली त्या उन्हाळ्यात मी हुशारी केली: हवा आत घेणाऱ्या बाजूच्या जाळ्यांवर कूलरचं ओलं गवत बांधलं. अकोल्याला जाताना बोरगावपर्यंत इंजिन असं तापलं, की टोचन करून तिथल्या जुन्या शहरातल्या रशीदभाईंच्या गॅरेजपुढे आणावी लागली. त्यांनी गवत उपटून रस्त्यावर फेकलं. "ताई, बाळंतिणीसारखे कान बांधले का तुमी हिचे? हे कानानंच श्वास घेते!" मग मी अभिमानाने नवं, महागडं, पातळ तेल दाखवलं. "हे थंड मुलखाचं. आपल्या उन्हात पाण्यावानी होते. हिच्यात पाणी नाही ना, ताई, मंग तेलालेच दोन्ही कामं, वंगणाचं बी अन् थंड करायचं बी. उन्हाळ्यात जाडच टाका, अन् काडीवरच्या खुणेच्या वर थेंब नाही." शेवटचा नियम त्यांनी माझ्या वहीत लिहायला लावला: तेल मोजायची काडी दहा मोजेपर्यंत हातात धरवली नाही, तर अर्धा तास थांबायचं. "मंग समोर कोणी वाट पाहत का असेना."

त्या शुक्रवारी अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापूरला काडी काढली. चार मोजेपर्यंत हात सुटला... न थांबता गेले असते तर पाचला पोचले असते. घड्याळ पाहिलं, वही पाहिली, आणि गाडी कडुलिंबाखाली लावली. चहावाला म्हणाला, "बाई, ढकलू का थोडी?" मी म्हटलं, "हात लावू नका. ती आराम करून राहिली." अर्ध्या तासात एक मिनिट कमी केलं नाही.

पोचले तेव्हा त्यांना नेलं होतं. अंगणातल्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. शबाना व्हॅनजवळ आली, मागचं झाकण उघडून तिने काडी ओढली, बोटांत धरली, आणि ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजलं. "थांबली होतीस?"

"अर्धा तास."

"पुरा?"

"पुरा."

"मग बरोबर आलीस," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.

मयत चुकवली म्हणून मला अजून ऐकवलं जातं. ऐकवू देत. मेकॅनिक गेला, आता गाडी भंगारात द्या, असंही सांगतात. देणार नाही. तेल मी स्वतः बदललं, जाडच टाकलं. इंजिनाभोवतीचं फाटलेलं रबर बदललं, खालची गरम हवा वर येणं थांबलं. राहिलं एकच. इंजिनातल्या झडपांचं, म्हणजे व्हॉल्व्हचं, केसभर अंतर थंड इंजिनावरच लावतात, म्हणून रशीदभाई अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघून उन्हाच्या आधी, पहाटे येत. अंतर मोजायच्या त्यांच्या पोलादी पात्या शबानाने मला दिल्या; सर्वांत पातळ पातीवर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे. व्हॉल्व्ह आठ आहेत. अजून एकालाही हात लावलेला नाही.