गाठी पक्क्या होत्या

पोरीच्या पुरस्काराच्या वहीत माझ्या नावापुढे 'प्रशिक्षक' असं लिहिलं होतं. पोरीनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "पुन्हा वाच." तिनं वाचलं. "अजून एकदा." तेव्हा बायको चुलीपासून ओरडली, "आयकलं आमी. आता सरपंचालेबी बोलवता का आयकाले?"

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. तिसरीतही पुरतं वर्ष बसलो नाई, बापानं मासोळ्या धराले तलावावर नेलं. पण आजूबाजूच्या पाच-सहा गावांत माझ्यासारखं फेकजाळं विणणारा दुसरा नव्हता, हे मी आजही कोणालेही तोंडावर सांगीन.

पोरगी पोंभुर्ण्याच्या कॉलेजात अकरावीत होती. तिथल्या कॅडेटांत तिचं नाव लागलं होतं. शनिवारी खाकी घालून, केस आवळून सायकलवर निघायची. त्या कॅडेटांसाठी एक पुरस्काराची योजना आली. धावण्याचा सराव करायचा, गावाची सेवा करायची, जंगलातून दोन दिवसांची पायदळ सहल करायची आणि सहा महिने एक हुन्नर शिकायचा. साऱ्या सह्या झाल्या का वही जिल्ह्याले जायची आणि बिल्ला मिळायचा.

धावाले तलावाची पाळ होती. सेवा म्हणून तिनं पोलिओ डोसच्या दिवशी घरोघरची लेकरं गोळा केली. सहल भामरागडकडे झाली, तिथून पायाले फोड घेऊन आली आणि आठवडाभर त्याच गोष्टी. हुन्नर म्हणून बाकीच्या पोरींनी शिवणकाम लिहिलं, टायपिंग लिहिलं. आमच्या पोरीनं लिहिलं, जाळं विणणं. पोरी हसल्या म्हणे. ती हटली नाई. हा गुण कोणाचा ते सांगायची गरज नाई.

फेकजाळं वरच्या टोकापासून सुरू होते आणि घेर वाढवत खाली येते. टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, बांबूच्या चपट्या सुईत दोरा भरायचा आणि एक-एक घर बांधत जायचं. घर म्हणजे जाळ्याचं भोक. त्यात दोन बोटं बरोबर बसली पाहिजेत. कॉलेजातून आली का हातपाय धुऊन ती पडवीत माझ्या बाजूले बसायची. ती तिचं विणायची, मी माझं, दिवस बुडेपर्यंत. नजर दोऱ्यावर आणि तोंड सुरू. परेडमध्ये कोण चक्कर येऊन पडली, कोणत्या मॅडमनं कोणाले उन्हात उभं केलं, सहलीत एका गोंड आजीनं त्याईले अंबाडीचं सरबत कसं पाजलं. मी नुसता हूं म्हणायचो. त्याच्याआधी ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, अन् मीही तिच्याशी. सोळा वर्षं एका घरात राहून तिचं हसणं एवढ्या जवळून मी आयकलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात तिचा हात बसला. पाचव्यात खोट काढायची म्हटली तर मले शोधावी लागायची.

सहा महिने भरत आले तेव्हा एका सांजेले ती म्हणाली, "बाबा, सर म्हणत होते का बिल्ला असला तर भरतीत कामी येते. बारावी झाली का मी भरतीले उभी राहीन."

"कायची भरती?"

"फौजेसारखीच असते. दूर राहा लागते, बॉर्डरकडे."

मी जाळं गुंडाळून उठलो. दुसऱ्या दिवशी तिनं वही पुढं ठेवली तेव्हा म्हटलं, "गाठी ढिल्ल्या हायेत. सही नाई भेटत."

ती मुकाट्यानं पुन्हा विणाले बसली. पंधरा दिवस गेले, महिना गेला. माझं एकच, गाठी ढिल्ल्या. वह्या जिल्ह्याले जायचा दिवस जवळ आला. जाळ्याचा घेरही पुरा झाला, आता खाली शिशाच्या गोळ्या तेवढ्या ओवायच्या राहिल्या होत्या. त्या दुपारी ती कॉलेजात असताना मी विळा घेतला आणि जाळ्याचा खालचा हातभर पट्टा कापून टाकला.

ती आली. पट्टा उचलून तिनं एकेका घरात दोन बोटं घालून पाहिली. चांगली पन्नासेक घरं पाहिली असतील.

"बाबा, सारी घरं सारखी हायेत."

"शिकवते कोण? मी का तू?"

तिनं सुईत दोरा भरला आणि जिथं कापलं होतं तिथून सुरू केलं. रडली नाई. रडली असती तर मी तेव्हाच सही केली असती, असं मले अजून वाटते.

"गाठी नाई, तुमची नियत ढिल्ली झाली," बायको म्हणाली. "पोरगी चालली म्हणून जाळं कापता? उद्या सायकलबी मोडसान का तिची?"

"तुले जाळ्यातलं काय समजते?"

असं मी म्हटलं खरं. तिच्या माहेरी सारं खटलं जाळीच विणत होतं.

वह्या जायच्या दोन दिवस आधी कॅडेटांचे सर मोटरसायकलवर घरी आले. खाटेवर बसले, चहा घेतला. "काका, परवा वह्या जाऊन राह्यल्या. हिची एकच सही बाकी हाये. करून टाका." खिशातला पेन काढून त्याईनं माझ्या हातात दिला.

मी पेनाचं टोपण काढलं. मले सोपंच झालं होतं. सरांच्या शब्दाखातर सही दिली असं गावात सांगता आलं असतं आणि माझा शब्दही राहिला असता. तेवढ्यात दारातून पोरगी म्हणाली, "थांबा बाबा. गाठी ढिल्ल्या असन तर सही नोका करू. खोटी सही मले नाई पायजे."

"अगं, काका करून राह्यले ना," सर म्हणाले.

"नाई सर. त्याईनंच सांगावं, पक्क्या का ढिल्ल्या."

सर माझ्याकडे पाहू लागले. चुलीपासून बायकोही पाहू लागली. मी जन्मात कधी बोललेलं मागं घेतलं नव्हतं. बापासमोर नाई, पंचांसमोर नाई.

"पक्क्या हायेत," मी म्हटलं.

"आणि घरं?"

"सारखी होती. मीच कापलं."

सर चहाच्या कपात पाहत बसले. मी सही केली. मले सहीले तसाही वेळ लागते, त्या दिवशी जरा जास्तच लागला.

बिल्ला मिळाला. बारावीनंतर भरतीतही तिचं झालं आणि ती गेली. आता वर्षातून एकदा पंधरा दिवस येते, जावई-लेकरं घेऊन. लेकरं माझ्याशी हिंदीत बोलतात. घरात पाय ठेवाले जागा नसते आणि ती साऱ्यांची असते.

जाळं काऊन कापलं, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाई, आजवरही नाई. मी कापलं एवढं कबूल केलं, काऊन ते नाई केलं. दर रविवारी तिचा फोन येते. जेवले का, गोळी घेतली का. मी म्हणतो, घेतली. मग ती विचारते, "ठेवू का बाबा?"

ठेव, असं मी कधी म्हणत नाई. थोडा वेळ वाट पाहून ती आपणहूनच ठेवते.