वत्सलाबाई लेखिकांना प्रश्न विचारतात तेव्हा

वत्सलाबाई कोळंबकरांना मी प्रथम पाहिले ते मालवणच्या मुलींच्या शाळेच्या पडवीत, आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला त्यांचा राग आला. मी खारेपाटणहून एस.टी.ने आले होते. लुगड्यावर तांबडी धूळ होती, हातात ट्रंक होती, पोटात सकाळपासून काही नव्हते. नव्या शिक्षिकेला मुख्याध्यापिका निदान बसा म्हणतील अशी माझी समजूत होती. बाईंनी माझे नाव विचारले आणि दुसरा प्रश्न केला, "वाचता का?" मी हो म्हटले. त्यांनी टेबलावरची एक कोरी कादंबरी माझ्या ट्रंकेवर ठेवली. "शुक्रवारपर्यंत वाचा. एका बाईनं लिहिली आहे. त्या पुढच्या महिन्यात इथं येणार आहेत."

शुक्रवारी मी सांगितले, "फार सुंदर आहे."

"कंटाळा कुठं आला?"

"कुठंच नाही."

"मग तुम्ही वाचलेली नाही," असे म्हणून बाई वर्गावर निघून गेल्या. मधली चाळीसेक पाने मी खरोखरच गाळली होती. पण ते ओळखण्याचा त्यांना काय अधिकार, या विचाराने मी दिवसभर धुमसत राहिले.

आज बाईंची षष्ट्यब्दी साजरी होत आहे. समितीने मला 'बाईंच्या सहवासातील गोड आठवणी' लिहायला सांगितले आहे. आठवणी पुष्कळ आहेत, गोड फार थोड्या. त्यांच्या हाताखालच्या वर्षांपैकी निम्मी मी त्यांच्यावर चिडण्यात घालवली आहेत. तेव्हा जे घडले तेच लिहिते.

बाईंचे नाव आज या किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक आहे ते लेखिकांशी होणाऱ्या त्यांच्या संभाषणांमुळे. एखाद्या स्त्रीचे नवे पुस्तक निघाले की बाई तिला पत्र घालत आणि मालवणला बोलावत. वाचनालयाच्या माडीवर, शनिवारी दुपारी, दोन खुर्च्या समोरासमोर. हार नाही, गुच्छ नाही, अध्यक्षीय भाषण नाही. लेखिकेने दोन पाने वाचायची, मग बाईंनी विचारायचे, मग जमलेल्यांनी. मी टिपणे घ्यायची. ती टिपणे रविवारी बाई तपासत आणि माझ्या वहीत लाल शाईने लिहीत, 'त्या असे म्हणाल्या नाहीत.'

कादंबरीकार असो, कवयित्री असो, बाईंच्या तराजूचा काटा एकच असे. वेंगुर्ल्याकडच्या एका ख्रिस्ती परिचारिकेने बाळंतिणीच्या आणि तान्ह्या मुलाच्या काळजीवर छोटेसे पुस्तक लिहिले होते. त्या बिचाऱ्या स्वतःला लेखिका म्हणवून घ्यायलाही लाजत होत्या. बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही लिहिता, पाणी कोमट असावं. कोमट म्हणजे किती? इथल्या सासवांचं कोमट तुम्हाला माहीत आहे का?" मी कपाळाला हात लावला. पण त्या परिचारिका लाजणे विसरल्या, पदर खोचून उठल्या, तांब्याभर पाणी मागवून घेतले आणि कोपर बुडवून कसे पाहायचे ते त्यांनी सगळ्यांना करून दाखवले. पुढच्या आवृत्तीत तो कोपर आला.

याहून मोठा ताप होता देवबागचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लेखिकेशी का बोलू नये, असा बाईंचा सवाल होता. त्यामुळे दर रविवारी आम्ही होडीतून देवबागला जायचो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या आणि मधल्या रेतीच्या पट्टीवर माडांखाली बसलेल्या दहा-पंधरा बायका. कुणी जाळे सांधते आहे, कुणी मासळी वाळत घालते आहे, आणि बाई त्यांना महिनाभर नवे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत आहेत. बाईंचा घसा बसला की मी वाचायचे. रेती तापायची, माझे डोके दुखायचे, आणि ऐन रंगात आलेल्या प्रकरणात कुणीतरी विचारायचे, "ह्या घरात मीठ भरणारा कोण आसा गो?" म्हणजे मीठमिरची आणून घर चालवतो कोण; बाई तो प्रश्न लिहून घ्यायला सांगत. मी लिहून घ्यायचे. दुसरे काय करणार?

आता त्या दुपारविषयी लिहायलाच हवे, कारण तिच्याविषयी मालवणात अजून उलटसुलट बोलले जाते.

कुमुदिनीबाई तेव्हा मुंबईतल्या नावाजलेल्या कादंबरीकार होत्या. त्यांची नवी कादंबरी आमच्याच किनाऱ्यावर घडत होती. नायिका कोळीण. नवऱ्याची होडी परत येत नाही. शेवटच्या प्रकरणात ती दोन मुलांना झोपवून पहाटे समुद्रात चालत जाते. ते प्रकरण मी देवबागला वाचले तेव्हा माझा आवाज भरून आला होता. बायका मात्र जाळी सांधत राहिल्या.

त्यांना आमंत्रण गेले होते वाचनालयाचे अध्यक्ष अप्पासाहेब यांच्या ओळखीने. आगबोटीतून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावात उतरताना कुमुदिनीबाईंचे पातळ भिजले, तरी त्या हसतमुखाने माडीवर आल्या. अप्पासाहेब पहिल्या रांगेत नवा कोट घालून बसले होते. मागे भिंतीला टेकून देवबागच्या बायका. वाचन झाले, बाईंचे प्रश्न झाले. मग मागून सारजाकाकी उठल्या. सारजाकाकींचे यजमान अनेक वर्षांपूर्वी दर्यात गेले होते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्यांनी तीन मुले वाढवली होती.

त्या म्हणाल्या, "बायनू, माका एक सांगा. ती दर्यात गेली. मगे त्या दिसाक तिची पोरां जेवली काय?"

कुमुदिनीबाईंना प्रश्न कळला नाही असे वाटून बाईंनी तो प्रमाण मराठीत पुन्हा सांगितला. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "कादंबरी तिथं संपते."

"तुमची संपता," सारजाकाकी म्हणाल्या. "माजो घोव गेलो, तेव्हा माका मरूक सवड खंय होती? तिसऱ्या दिसाक पाटी घेवन बाजारात बसलंय. रडलंय नाय काय? रडलंय. पण बसलंय."

अप्पासाहेबांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी दोन गोड शब्द बोलून विषय बदलावा, अशी आम्हा सर्वांचीच अपेक्षा होती. बाई कुमुदिनीबाईंकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत."

कुमुदिनीबाई उठल्या. "मी इथं परीक्षा द्यायला आलेली नाही," एवढेच बोलून त्या जिना उतरल्या.

दुसऱ्याच दिवशी अप्पासाहेबांचा निरोप आला. बाईंनी कुमुदिनीबाईंची लेखी माफी मागावी, आणि देवबागच्या बायकांना यापुढे माडीवर आणू नये. नाहीतर माडी मिळणार नाही. मी बाईंना विनवले. चार ओळी लिहा, म्हटले. एवढ्या वर्षांचे काम चार ओळींसाठी बुडवू नका. बाईंनी लिहायला घेतले तेव्हा मला हायसे वाटले. लिहून झालेले पत्र त्यांनी पोस्टात टाकायला माझ्याकडे दिले. त्यात माफीचा शब्दही नव्हता. कादंबरीविषयी आणखी अकरा प्रश्न होते.

यानंतर मी जे केले ते आजपर्यंत मोजक्याच जणांना ठाऊक होते. ते पत्र मी पोस्टात न टाकता माझ्या ट्रंकेत ठेवले. घरी बसून दुसरे लिहिले, अतिशय नम्र, आणि खाली बाईंचे नाव घातले. ते कुमुदिनीबाईंना पोस्टाने धाडले आणि एक प्रत अप्पासाहेबांना नेऊन दिली. त्यांनी माडीची किल्ली परत दिली. बाईंना मी सांगितले की अप्पासाहेब निवळले. बाईंना आनंद झाला. तो पाहून मला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून बाईंचाच आणखी राग आला.

पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर उत्तर आले. बाईंनी ते वाचले आणि माझ्यापुढे धरले. कुमुदिनीबाईंनी लिहिले होते, 'तुमचे क्षमापत्र मिळाले, वाईट वाटले. आगबोटीत बसल्यापासून त्या बाईंचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मी चिडून गेले ती उत्तर नव्हते म्हणून. तुम्ही माफी मागता म्हणजे तो प्रश्नच चुकीचा होता असे होते. तुम्हाला खरोखर तसे वाटते का?'

"हे क्षमापत्र कुणी लिहिलं, शालिनी?" बाईंनी विचारले.

"मी."

"का?"

माझा तोल सुटला. "कारण तुम्ही लिहीत नव्हता! तुम्ही प्रश्न विचारून मोकळ्या होता. मग लोकांच्या दारात जाऊन समजूत कुणी घालायची? मी! उन्हात होडीतून कुणी यायचं? मी! आणि वर वहीत लाल शाई!" मी रडतही होते.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या म्हणाल्या, "माझं नाव घातलंस त्याचं जाऊ दे. पण प्रश्न सारजाचा होता. तू तिच्या वतीनं माफी मागितलीस, आणि तिला विचारलंही नाहीस. ते तिला तूच सांग."

रविवारी मी एकटीच देवबागला गेले. सारजाकाकी बांगडे चिरून मीठ लावत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांचा हात थांबला. "माफी? ती कित्याक गो? मी खंय भांडलंय? माका फकत उत्तर व्हया होता." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हात धुतले आणि गूळपाणी आणून दिले.

त्याच आठवड्यात बाईंनी किल्ली अप्पासाहेबांना परत केली आणि खरे काय ते सांगितले. सांगताना त्यांनी माझे नाव मात्र घेतले नाही. 'पत्र माझ्या माहितीशिवाय गेले, चूक माझ्या व्यवस्थेची' असे त्या म्हणाल्याचे मला पुढे अप्पासाहेबांकडूनच कळले. मग अकरा प्रश्नांचे पत्र माझ्याकडून परत घेऊन त्यांनी स्वतः पोस्टात टाकले. संभाषणे देवबागच्या माडांखाली होऊ लागली. लेखिका होडीतून यायच्या, खुर्च्या होडीतून यायच्या, मी खुर्च्या धरून बसायचे. त्या खुर्च्यांनी माझ्या दोन साड्या फाडल्या.

पाऊस संपून आगबोटी पुन्हा सुरू झाल्या तशा कुमुदिनीबाई आल्या, कुणीही न बोलावता, नव्या कादंबरीचे हस्तलिखित घेऊन. छापण्याआधी ऐका, म्हणाल्या. तीन दिवस त्या देवबागला राहिल्या आणि रेतीत बसून वाचत गेल्या. या वेळी नायिका जगते, बाजारात बसते, मुलांना वाढवते. वाचून झाल्यावर त्यांनी थेट सारजाकाकींकडे पाहिले.

"पोरां जेवली, ह्यां बरां झालां," सारजाकाकी म्हणाल्या. "पण इतक्या पानांत ही बाय एकदाय हसाक नाय ती? आमी हसतंव हां. खूप हसतंव."

कुमुदिनीबाई स्वतःच इतक्या हसल्या की हातातले कागद वाऱ्यावर गेले. दहा-पंधरा बायका पानांमागे किनाऱ्यावर धावल्या. त्यांत पालथ्या होडीवर, सगळ्यांत मागे, गुपचूप येऊन बसलेले अप्पासाहेबही धावले. पुढच्या महिन्यात माडीची किल्ली त्यांनी स्वतः शाळेत आणून दिली. देवबागच्या बायकांसाठी पुढच्या दोन रांगा राखल्या होत्या.

बाईंच्या मायेविषयी चार शब्द लिहावे अशी प्रथा आहे. मला विषमज्वर झाला तेव्हा माझे यजमान मुंबईला नोकरीत होते, जवळ कुणी नव्हते. बाई रोज शाळा सुटल्यावर पेजेचा डबा घेऊन येत. पेज भरवून झाली की एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवत. मला उत्तर द्यायचेही त्राण नव्हते. कितीतरी दिवसांनी एका दुपारी मी उशीवरून मान उचलून ओरडले, "अहो, ही मुलगी असं कसं लग्न करील? लेखिकेला काही अक्कल आहे का?" बाईंनी पुस्तक मिटले. माझ्या कपाळाला हात लावला नाही की नाडी पाहिली नाही. "उतरला ताप," म्हणाल्या आणि डोळे पुसत डबा उचलून घरी गेल्या.

आता बाई निवृत्त होत आहेत. आम्हाला वाटले होते, त्या घरी बसतील, गुडघ्यांना तेल लावतील. गेल्या आठवड्यात त्यांनी मला यादी दाखवली. धामापूर, खारेपाटण आणि मधली कितीतरी गावे. प्रत्येक ठिकाणी नवे पुस्तक आणि दोन खुर्च्या. डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितले आहे. मी म्हटले, "बाई, आता वय झालं." त्या म्हणाल्या, "तुझं? अजून नाही."

धामापूरच्या भगवतीकडे मी हल्ली एवढेच मागते, की बाईंच्या गुडघ्यांना बळ दे, डोळ्यांना नजर दे, आणि त्यांना इतके आयुष्य दे की या किनाऱ्यावर लिहिणाऱ्या प्रत्येक बाईला एकदा तरी त्यांच्यासमोर बसावे लागेल. मला त्यांचे ऐकायचे नाही, आणि त्यांच्याशिवाय एक दिवस काढायचा नाही. येत्या शनिवारची धामापूरची एस.टी. सकाळची आहे. तिकिटे मी काढून ठेवली आहेत.