शॉर्टस्टॉपचा उन्हाळा

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी फ्रँकफर्टच्या दक्षिणेला एका मध्यम आकाराच्या शहरात राहत होतो. पुण्याच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. दैनिकाने नवे रोटरी छपाईयंत्र घ्यायचे ठरवले होते आणि ते समजून घेण्यासाठी मला ते बनवणाऱ्या कारखान्यात पाठवले होते. शहरात मराठी बोलणारा आणखी एकच माणूस होता. तो तिथल्या तांत्रिक विद्यापीठात धातूंवर संशोधन करत होता. पदवी मिळायची होती, पण मी त्याला पहिल्या भेटीपासून डॉक्टर म्हणत असे. तो मला संपादक म्हणे. वय सारखेच होते, तरी आम्ही एकमेकांना अहोजाहो करायचो. ते कधी बदलले नाही.

आमची भेट रविवारी व्हायची. रविवारी शहर बंद असे. दुपारच्या वेळी घरमालकिणीला नळाचा आवाजही चालत नसे, आणि फोडणीचा वास तर कोणत्याच वारी चालत नसे. म्हणून आम्ही चालायला निघायचो. युद्धात पडलेल्या काही घरांच्या जागा अजून रिकाम्या होत्या. तिथे गुडघाभर गवत वाढले होते आणि एखादा जिना कुठेच न जाता उभा होता. त्या जागांवरून आम्ही ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जायचो, कारण रविवारी माणसांचा आवाज फक्त तिथे होता. अमेरिकन बराकींलगतच्या मैदानावर बेसबॉल चालायचा.

खेळणारे बहुतेक स्थानिक जर्मन तरुण होते. लहानपणी सैनिकांकडून हा खेळ शिकून त्यांनी आपला संघ केला होता. त्यांना शिकवणारा एक अमेरिकन सार्जंट होता. एका रविवारी त्यांच्या एका खेळाडूचे बोट मोडले. बदली माणूस नव्हता. सार्जंटने कुंपणाकडे पाहिले. तिथे आम्ही दोघे, एक म्हातारे जोडपे आणि त्यांचा कुत्रा होतो.

"तुमच्यापैकी कोणी कधी काही खेळलंय?"

"क्रिकेट," डॉक्टर म्हणाले.

"ते चालेल. निदान चेंडूला घाबरणार नाहीस."

डॉक्टर पुण्यात कॉलेजच्या संघात कव्हरला उभे राहत. इथे त्यांना शॉर्टस्टॉपला उभे केले. मैदानावर चार तळ असतात. धावणाऱ्याने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या तळावरून फिरून पुन्हा घरच्या तळावर यायचे, की एक धाव. दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मधली जागा शॉर्टस्टॉपची. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वेगाने चेंडू तिथेच येतात. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी चामड्याचा हातमोजा विसरून उघड्या हाताने जमिनीलगतचा चेंडू उचलला आणि त्याच झटक्यात पहिल्या तळावर फेकला. फलंदाज बाद झाला. कुंपणापाशी कुत्रा सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फलंदाजीत मात्र ते बॅट घेऊन धावले. क्रिकेटमध्ये तसेच धावतात. सार्जंट ओरडला, "खाली टाक! तुझी बॅट इथं कोणी चोरत नाही!"

त्यांच्या क्रिकेटच्या सवयी एकेक करून सुटत गेल्या. बॅट टाकायला ते शिकले. चेंडू मारल्यावर धावायचे की नाही हे इथे आपल्या मर्जीवर नसते, हेही शिकले. एक सवय उरली. हवेतला झेल घेतला की ते चेंडू उंच उडवत, जसा आपल्याकडे प्रत्येक क्षेत्ररक्षक उडवतो. तो बहुधा डावाचा शेवटचा झेल असे, खेळ थांबलेलाच असे, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगे दिसले नाही. मला तर ते ओळखीचेच होते.

तो उन्हाळा त्यांचा होता. त्या भागातल्या संघांत त्यांच्यासारखा शॉर्टस्टॉप नव्हता, असे प्रतिस्पर्ध्यांचे प्रशिक्षकही म्हणू लागले. फलंदाजीत ते मोठे फटके मारत नसत. कव्हर आणि पॉइंटच्या मधून चेंडू काढावा तसे ते क्षेत्ररक्षकांच्या फटीतून चेंडू काढत आणि पहिल्या तळावर पोहोचत. प्रेक्षक वाढले. ते खेळायला आले की लोक "इंडर! इंडर!" ओरडत. इंडर म्हणजे भारतीय. स्थानिक वर्तमानपत्रात सोमवारी सामन्याच्या चार ओळी येत, त्यांतली एक 'संघातील भारतीया'विषयी असे. बातमी नेमकी असे. त्यात नाव नसे.

सामना संपला की संघ ट्रामथांब्यासमोरच्या खानावळीत जाई. खिडकीलगतचे लांब टेबल त्यांचे ठरलेले होते. पहिल्या रविवारी कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा खेळाडू, डॉक्टरांपाशी आला होता. तो ट्रामच्या डेपोत मेकॅनिक होता, दाराएवढा रुंद.

"आल्झो, एक बिअर?"

"नको, थँक यू," डॉक्टर म्हणाले आणि हसत तिथेच उभे राहिले.

कॅचरने मान डोलावली, "गुट" म्हणाला आणि गेला.

ट्रामची वाट पाहताना डॉक्टर म्हणाले, "अहो, पहिल्या 'नको'ला कोणी खरं धरतं का?"

"इथं धरतात."

"मी सफरचंदाचा रस घेतला असता. एकदा, फक्त आणखी एकदा विचारायचं होतं."

"तुम्ही आपणहून जा की पुढच्या वेळी."

"न बोलावता? जेवणाच्या पंगतीत घुसल्यासारखं?"

त्यानंतर त्यांना कोणी विचारले नाही. त्यांना नको आहे, हे संघाला कळले होते आणि संघ त्याचा मान राखत होता. डॉक्टरांना कोणी बोलावत नव्हते आणि तेही आपला मान राखत होते. सगळा उन्हाळा असाच गेला. खेळात पहिला असलेला माणूस खेळ संपताच माझ्याबरोबर ट्रामच्या बाकावर बसायचा आणि समोरच्या खिडकीतून हसण्याचा आवाज यायचा.

ऑगस्टमध्ये त्यांच्या प्राध्यापकाने त्यांना आणखी दोन वर्षे राहण्याविषयी विचारले. काम चांगले होते, प्रयोगशाळा उत्तम होती. उत्तर हंगाम संपल्यावर द्यायचे होते.

"मैदानावर मी आहे," ते मला म्हणाले. "मैदानाबाहेर नाही. हिवाळ्यात मैदान बर्फाखाली जातं, संपादक. मागचे दोन हिवाळे मी प्रयोगशाळेतल्या भट्टीशी बोलून काढले. आणखी दोन निघायचे नाहीत. या लोकांत आपली जागा नसेल, तर मी पुण्याला जातो."

मी त्यांना राहा म्हटले नाही, जा म्हटले नाही. माझे शिक्षण अजून वर्षभर चालणार होते. ते गेले असते तर मराठी बोलायला मला कोणी उरणार नव्हते. पण तो त्यांच्या निर्णयाचा भाग नव्हता.

उपांत्य सामना मानहाइमच्या संघाशी झाला आणि तो डॉक्टरांनी जवळजवळ एकट्याने जिंकून दिला. एकदा तर ते दुसऱ्या तळामागे आडवे पडले आणि पडल्या जागेवरून, गुडघ्यावर बसून, त्यांनी पहिल्या तळावरचा माणूस बाद केला. मानहाइमच्या प्रशिक्षकाने टोपी काढली. सार्जंट नुसता मान हलवत राहिला. कॅचरने त्यांच्याशी हात मिळवला, "फार सुंदर, हेर डॉक्टर" म्हणाला आणि खानावळीकडे वळला. आम्ही ट्रामने परतलो.

अंतिम सामना म्युनिकच्या संघाशी होता, याच मैदानावर. हवा थंड झाली होती, लोक कोट घालून आले होते. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. म्युनिकचा एक धावपटू तिसऱ्या तळावर होता, म्हणजे घरापासून एका तळाच्या अंतरावर. त्यांचा एकच गडी बाद झाला होता; तीन झाले की डाव संपतो.

फलंदाजाने चेंडू उंच मारला. तो डॉक्टरांच्या डोक्यावरून मागे, कोणीच उभे नव्हते अशा जागी पडणार होता. डॉक्टर पाठ फिरवून धावले. मान मागे टाकून, खांद्यावरून येणारा चेंडू त्यांनी हातमोजा नसलेल्या हातात घेतला, एक कोलांटी खाल्ली आणि उभे राहिले. मी नंतर बरीच वर्षे क्रीडापानाचे काम पाहिले. तसा झेल पुन्हा पाहिला नाही.

मग त्यांनी चेंडू आकाशात उडवला.

क्रिकेटमध्ये झेल घेतला की चेंडू मेला. बेसबॉलमध्ये तो जिवंत असतो. झेल होईपर्यंत तळाला पाय लावून थांबलेला धावपटू त्यानंतर धावू शकतो. म्युनिकचा धावपटू थांबला होता. चेंडू वर जाताना त्याने पाहिला आणि तो पळत सुटला. सगळा संघ एकाच वेळी ओरडू लागला. डॉक्टरांना तो जल्लोष वाटला. चेंडू खाली येऊन त्यांच्या हातात पडला तेव्हा ते हसत होते. तोवर धावपटू घरी पोहोचला होता.

आमच्या संघाला उरलेल्या डावात धाव काढता आली नाही. सामना त्या एका धावेने गेला.

लोक पांगले. डॉक्टर मैदानाबाहेरच्या बाकावर बसले. त्यांनी संघाचे खिळ्यांचे बूट काढून ठेवले होते आणि स्वतःचे बूट पायाशी तसेच होते. मी कुंपणापाशी थांबलो. ते आता पुण्याला जाणार, हे मला ठरल्यासारखे दिसत होते.

कॅचर आला. त्याने हातमोजा जमिनीवर आपटला.

"गाढव! महागाढव! चेंडू वर कशाला? देवाला दाखवायला?"

डॉक्टर उभे राहिले. "आमच्याकडे झेल घेतल्यावर..."

"तुमच्याकडे, तुमच्याकडे! इथं तो धावतोय ना!"

तिसऱ्या तळाचा पोरगेला गडी पुढे आला. त्याने आपली टोपी हवेत उडवली, आ वासून वर बघत राहिला आणि दुसऱ्या हाताने पळणाऱ्या माणसाला टाटा केला. दोघेतिघे हसले. एक जण हसला नाही, त्याने शिवी दिली. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणाला, "पण झेल बघितलात का?" कॅचर म्हणाला, "गेनाऊ! अगदी तेच! म्हणूनच डोकं फिरलंय माझं!" संपूर्ण उन्हाळ्यात डॉक्टरांशी ते इतके कधी बोलले नव्हते.

भांडण संपत नव्हते आणि थंडी वाढत होती. कॅचरने खाली वाकून डॉक्टरांचे स्वतःचे बूट उचलले, काखेत धरले आणि बोलत बोलतच खानावळीकडे चालू लागला. त्याने काही विचारले नाही. डॉक्टर नुसत्या पायमोज्यांवर त्याच्यामागे निघाले. ट्रामचे रूळ त्यांनी पावले उचलून ओलांडले, थंड पाण्यात चालल्यासारखे. ते अजून हातवारे करून झेलाचा नियम समजावत होते.

दारात कॅचर थांबला. डॉक्टर आत गेल्यावर त्याची नजर माझ्याकडे गेली. मी त्यांच्यामागे थांब्यापर्यंत आलो होतो.

"तुम्ही पण?"

"नको, थँक यू," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि दार लावून घेतले.

खिडकीतून लांब टेबल दिसत होते. डॉक्टरांना मध्ये बसवले होते. कोणीतरी त्यांचे बूट टेबलावर ठेवले, खानावळवालीने ते ओरडून खाली ठेवायला लावले. डॉक्टरांनी एकदा खिडकीकडे पाहिले. काचेवर वाफ होती, त्यांना बाहेरचे दिसले नसावे. दुसऱ्या दिवशी ते प्राध्यापकाला होकार देणार होते, पण हे मला तिथेच कळले. पुढच्या रविवारी ते चालायला येणार नाहीत, हेही कळले.

ट्राम आली. मी ती सोडली. दाराकडे पाहत उभा राहिलो. ते उघडले नाही. पुढची ट्राम आली तेव्हा मी चढलो. डब्यात मी एकटाच होतो.