क्रोशाची वाचनखूण

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाचनगटात एक वयस्कर बाई दर रविवारी क्रोशाची पिशवी घेऊन येतात. चर्चा ऐकता ऐकता त्यांची सुई चालू असते. ज्याचं पुस्तक वाचून होईल, त्याला त्या स्वतः विणलेली वाचनखूण देतात, पण आधी त्याचं पुस्तक तपासून बघतात. मी पानांचे कोपरे दुमडतो, म्हणून दोन वर्षांत मला एकही मिळाली नव्हती.

"अहो, त्या पुस्तकानं काय घोडं मारलंय तुमचं?" असं त्या सगळ्यांदेखत विचारत. मग मलाही चेव येई आणि मी मुद्दाम आणखी दुमडत असे.

या उन्हाळ्यात त्यांची वाचून दाखवायची पाळी आली, की त्या "आज घसा बसलाय," म्हणू लागल्या. गेल्या रविवारी त्यांनी माझं पुस्तक मागितलं आणि पार डोळ्यांशी नेऊन सावकाश चाळलं. दुमडलेले तीन कोपरे त्यांच्या नाकासमोरून गेले.

"सुधारलात हो!" त्या हसून म्हणाल्या आणि माझ्या हातात निळी वाचनखूण ठेवली. तिचे टाके जागोजागी सुटले होते.

"तुमच्यामुळेच," मी म्हणालो.

घरी येऊन तिन्ही कोपरे सरळ केले. घड्यांच्या रेघा मात्र काही केल्या जात नाहीत.